केळीच्या बागेत रोज खिशात ठेवायचा छोटा चाकू : पात्याचा आकार आणि पोलाद कसे निवडावे?

सुकीकाठ (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि दिवसभर बागेत वावरताना खिशात एक छोटा, चांगला चाकू असावा अशी माझी इच्छा आहे. घड उतरवायला, बुंध्याशी फुटणारी पिले (कोंब) काढायला आणि वाळलेली पाने कापायला विळा व कोयता आहेतच. त्यांची कामे या चाकूकडून करून घ्यायची नाहीत. मला तो मधल्या कामांसाठी हवा आहे : खताच्या गोणीची शिवण उसवणे, सुतळी आणि झाडाला आधार देणारी प्लास्टिकची पट्टी कापणे, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी सरळ कापून जोडणी बसवणे, टिश्यू कल्चरच्या रोपाची पिशवी मुळांना धक्का न लावता फाडणे, आणि दुपारी तोच चाकू स्वच्छ धुऊन कांदा व लिंबू चिरणे.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला आकाराचा. ऑनलाइन दुकानांत ड्रॉप पॉइंट, क्लिप पॉइंट, शीप्सफूट, टँटो अशी नावे दिसतात, पण यांपैकी कोणता आकार वर सांगितलेल्या कामांना बसतो हे कोणी सांगत नाही. दुसरा पोलादाचा. डी२, ८सीआर१३एमओव्ही, ४४०सी, १४सी२८एन अशी नावे पात्यांवर कोरलेली असतात. शिवाय गावातील लोहारदादा ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून चाकू घडवून द्यायला तयार आहेत. केळीचा चीक लोखंडाला लागला की काळा डाग पडतो, हे आपण सर्व जाणताच. दोन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गिरणाथडी :

सुकीकाठ भाऊ, कामांची यादी आधी दिलीत हे फार बरे केलेत, कारण चाकूची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. मी जळगावच्या एमआयडीसीत डाय आणि पंच (पत्रा कापण्याचे साचे) यांना पाणी देण्याचे, म्हणजे उष्णता-प्रक्रियेचे काम करतो. डी२ आणि ईएन-३१ ही पोलादे माझ्या रोजच्या हाताळणीतली आहेत. तरीही माझे ठाम मत असे आहे की एवढ्या लहान चाकूत पोलादाच्या नावाला आपण देतो तितके महत्त्व नसते. आधी पात्याचा आकार पाहावा, मग धारेमागची जाडी, त्यानंतर उष्णता-प्रक्रिया, आणि सर्वांत शेवटी पोलादाचे नाव.

आकाराचे आधी सांगतो. क्लिप पॉइंटमध्ये पाठीचा पुढचा भाग खोलगट कापलेला असतो, त्यामुळे टोक अणकुचीदार आणि पातळ होते. भोसकून शिरण्याची ताकद त्यात भरपूर असते, पण तुमच्या एकाही कामाला ती लागत नाही. उलट गोणी उसवताना तेच टोक आत शिरून प्लास्टिकचे अस्तर फाडते आणि रोपाची पिशवी कापताना मुळांपर्यंत जाते. टँटोचे टोक मजबूत असते, परंतु धार दोन सरळ भागांत मोडलेली असल्यामुळे ती लावणे कटकटीचे होते, म्हणून तो बाजूला ठेवावा. ड्रॉप पॉइंटमध्ये पाठ हळूहळू उतरत पात्याच्या मध्यरेषेजवळ टोकाला मिळते आणि धारेला पोट, म्हणजे बाहेरच्या बाजूला गोलाई असते. हा सर्वांगी आकार आहे. कांदा चिरण्यासाठी आणि फळ सोलण्यासाठी तो उत्तमच.

मात्र तुमच्या यादीतील बहुतेक कामे ओढून कापण्याची आहेत. सुतळी, पट्टी, शिवण आणि नळी कापताना आपण पाते स्वतःकडे किंवा बाजूला ओढतो. अशा वेळी धार सरळ असेल तर वस्तू टोकाकडे निसटत नाही आणि नळीचा काप काटकोनात येतो. काप तिरका आला तर जोडणीच्या काट्यावर नळी नीट बसत नाही व तिथून पाणी गळते, हा अनुभव ठिबक वापरणाऱ्या प्रत्येकाला असेल. म्हणून मी शीप्सफूट सुचवीन. त्याची धार टोकापर्यंत सरळ असते आणि पाठ पुढे गोलाई घेऊन धारेला येऊन मिळते, त्यामुळे टोचणारे टोक जवळजवळ उरतच नाही. जहाजांवर दोर कापण्यासाठी हाच आकार वापरात राहिला, कारण हलत्या डेकवर अणकुचीदार टोक धोक्याचे असते. थोडे टोक हवेच असेल तर त्याच्या जवळचा व्हार्नक्लिफ पाहावा. त्याची पाठ मुठीपासूनच उतरत जाते, म्हणून शिवणीच्या टाक्याखाली घालता येईल इतके टोक मिळते, पण ते नाजूक असते आणि कशातही खुपसून वाकवले तर तुटते.

लांबी साडेसहा ते साडेसात सेंटिमीटर पुरेशी आहे. जाडीबद्दल मात्र आग्रह धरावा. पाठ दोन ते अडीच मिलिमीटर आणि धार सुरू होते त्याच्या लगेच मागे सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर इतकी जाडी असावी. बाजारातील कित्येक चाकू दणकट दिसावेत म्हणून साडेतीन-चार मिलिमीटर जाड पाठीचे केलेले असतात आणि धारेमागेही तितकेच बोजड असतात. असा चाकू कितीही कडक पोलादाचा असला तरी तो कांदा चिरत नाही, पाचरीप्रमाणे फोडतो, आणि नळीत अर्ध्यावर अडकतो.

सातपुडा :

गिरणाथडी भाऊंचे आकाराबाबतचे म्हणणे मला बहुतांशी पटते, पण पोलादाला त्यांनी अगदी शेवटी टाकले, तिथे मी वेगळे मत नोंदवू इच्छितो. चोपडा तालुक्यात आमची कापूस आणि केळी दोन्ही पिके आहेत. माझ्याकडील डी२चा घडीचा चाकू धार फार दीर्घकाळ धरतो. धूळ लागलेली सुतळी आणि मातीने माखलेली नळी कापताना साध्या पोलादाची धार लवकर मरते, डी२ची टिकते. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते, म्हणजे ते स्टेनलेसच्या अगदी जवळचे आहे. थोडा डाग पडतो, पण तो पुसता येतो. ज्याला वरचेवर धार लावायला वेळ नाही त्याने डी२ घ्यावे, असे माझे मत आहे.

गिरणाथडी :

सातपुडा भाऊ, धार टिकण्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि झिजेला तोंड देण्यासाठीच डी२ची निर्मिती झाली आहे. पत्रा कापणाऱ्या डायमध्ये ते याच गुणामुळे चालते. पण त्याचे १२ टक्के क्रोमियम हा आकडा थोडा फसवा आहे. क्रोमियमचा मोठा हिस्सा कार्बनशी मिळून कार्बाइडच्या कणांत बांधला जातो आणि गंजाला अडवणारे मोकळे क्रोमियम त्या मानाने कमी उरते. म्हणून डी२ला अर्धे स्टेनलेस म्हणतात. कोरड्या उन्हाळ्यात ते तक्रार करणार नाही. परंतु केळीचा चीक, लिंबाचा रस, घाम आणि पावसाळ्यातील ओलावा हे सर्व एकाच चाकूवर आले तर बारीक खड्डे पडतात, आणि ते धारेवर पडले की धारच खाल्ली जाते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. डी२मधील कार्बाइडचे कण मोठे आणि टणक असतात. झिजेसाठी ते उपयोगी ठरतात, पण धार पातळ आणि कोन लहान ठेवला की हेच कण धारेतून उखडून येतात आणि धार करवतीसारखी तुटक होते. म्हणून डी२चा चाकू थोडा जाड कोनात ठेवावा लागतो. मला तर सुकीकाठ भाऊंसाठी पातळ पाते हवे आहे. पातळ पात्याला बारीक कण असलेले, चिवट पोलाद लागते, आणि तिथे १४सी२८एन सरस ठरते. हे मूळ स्वीडनच्या सँडविकचे पोलाद असून त्यात सुमारे ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ०.११ टक्के नायट्रोजन असतो. कार्बन कमी ठेवून त्याची उणीव नायट्रोजनने भरून काढली आहे. त्यामुळे क्रोमियम कार्बाइडमध्ये कमी अडकते, गंजरोध चांगला राहतो आणि कडकपणाही ५८ ते ६० रॉकवेलपर्यंत (पोलादाचा कडकपणा मोजण्याचे माप) सहज मिळतो. डी२इतकी दीर्घ धार ते देणार नाही, हे मी मान्य करतो. पण ती धार साध्या दगडावर थोड्या वेळात परत आणता येते, आणि बागेत राहणाऱ्या माणसाला हा गुण फार मोलाचा आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद स्वस्त असूनही नीट पाणी दिले असेल तर पूर्ण समाधानकारक असते. कार्बन सुमारे ०.८ आणि क्रोमियम १३ टक्के. ४४०सी जुने आणि विश्वासाचे आहे, त्यात साधारण एक टक्का कार्बन व १६ ते १८ टक्के क्रोमियम असते. मात्र पात्यावर नुसते ‘४४०’ लिहिलेले असेल तर ते बहुधा कमी कार्बनचे ४४०ए असते, हे लक्षात ठेवावे. ४२०जे२ गंजत नाही, पण मऊ असल्यामुळे धार धरत नाही. ते घेऊ नये. एस३०व्हीसारखी महागडी पोलादे तुमच्या खर्चात बसत नाहीत आणि बसली असती तरी मी ती सुचवली नसती, कारण त्यांतील व्हॅनेडियम कार्बाइड आपल्या नेहमीच्या धारेच्या दगडांपेक्षाही कठीण असते आणि त्यांना धार लावायला हिऱ्याची पट्टीच लागते.

पांझराकाठ :

लोहारदादांचा पर्याय एवढ्यात बाजूला पडू नये, म्हणून लिहितो. धुळे तालुक्यात आमच्या घरी विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी आजही लोहाराकडूनच घडवून घेतल्या जातात आणि त्यांच्या हाताची किंमत मला कमी लेखायची नाही. प्रश्न आहे तो कमानीच्या पाट्याचा. ते स्प्रिंगचे पोलाद असते. कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के, जोडीला मँगनीज आणि सिलिकॉन किंवा क्रोमियम. ते अतिशय चिवट असते, त्यामुळे कोयता आणि कुऱ्हाड यांना ते शोभते, कारण तिथे घाव बसतो. छोट्या चाकूला घाव सोसायचा नसतो, त्याला बारीक धार धरून ठेवायची असते. शिवाय वापरून काढलेल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडलेल्या असू शकतात.

लोहाराकडूनच घ्यायचा असेल तर बेअरिंगच्या जुन्या कड्यातून घडवून घ्यावा. ते बहुधा ईएन-३१ असते. एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. त्याचे कण बारीक असतात आणि पातळ धारेसाठी हे पोलाद खरोखर सुंदर आहे. फक्त काही गोष्टी लोहारदादांशी आधी बोलून घ्याव्यात. त्याला पाण्यात विझवू नये, कोमट तेलात विझवावे. पाण्यात पाते तडकण्याचा धोका मोठा असतो. तापवताना अंदाजासाठी लोहचुंबक जवळ ठेवावे. साधारण ७७० अंशांना पोलादाची चुंबकाला चिकटण्याची शक्ती जाते. त्याच्या थोडे पुढे नेऊन विझवावे, पांढरट होईपर्यंत भाजू नये. आणि विझवल्यानंतर लगेच पाते पुन्हा सुमारे २०० अंशांवर दोन तास तापवून उतरवावे, म्हणजे त्याचा ठिसूळपणा कमी करावा. घरच्या ओव्हनमध्येही हे होते. घासून चकचकीत केलेल्या भागावर वाळल्या गवतासारखा फिकट पिवळसर रंग आला की थांबावे. निळा रंग आला तर धार मऊ झाली असे समजावे.

केळीच्या चिकाने पडणारा काळा डाग हा गंज नव्हे. चिकातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावते आणि तो काळा थर बसतो. काही अंशी तो पात्याला सांभाळतोही. तांबूस, हाताला लागणारा थर मात्र गंजच, तो लगेच काढावा. अडचण एवढीच की अशा पात्याने चिरलेल्या लिंबाला आणि कांद्याला लोखंडाची चव लागते. ज्याला दुपारचे जेवणही त्याच चाकूवर करायचे आहे, त्याने याचा विचार करावा.

तोरणमाळ :

नंदुरबार जिल्ह्यात पपई आणि काही ठिकाणी लिंबाची झाडे आहेत, त्या अनुभवातून एक मुद्दा जोडतो. पपईचा चीक केळीच्या चिकापेक्षा त्रासदायक असतो. वाळला की तो धारेवर घट्ट बसतो, म्हणून काम संपताच पाते पुसण्याची सवय लावावी. केळीचा चीक पाण्याने जात नाही, खाद्यतेलाचे बोट फिरवले की सुटतो.

आता रोगाविषयी. अनेकजण एकाच चाकूने रोगट आणि निरोगी झाडे कापतात. केळीची कंदकूज आणि लिंबूवर्गीय झाडांमधील काही रोग अवजारावाटे पसरतात; लिंबूवर्गातील एक्सोकॉर्टिस हा रोग तर कलमाच्या चाकूवरून सहज जातो. जिवाणूंसाठी स्पिरिटने पाते पुसणे चालते, परंतु एक्सोकॉर्टिससाठी स्पिरिट पुरत नाही, तिथे ब्लीचचे पाणीच लागते. आणि ब्लीच पोलादाचा शत्रू आहे. साधे कार्बन पोलाद त्यात पाहता पाहता गंजते आणि स्टेनलेसलाही त्यातील क्लोराइडमुळे खड्डे पडू शकतात. म्हणून ब्लीच वापरल्यास पाते लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून, तेलाचा हात द्यावा. कलम करताना डोळा भरण्यासाठी हा खिशातला चाकू वापरूच नये. त्यासाठी एकाच बाजूने धार असलेला, वस्तऱ्यासारखा गुळगुळीत कलमाचा चाकू वेगळा ठेवावा.

अनेर :

घडीचा की सरळ (न मिटणाऱ्या) पात्याचा, हे कोणी विचारले नाही. चीक आणि माती घडीच्या सांध्यात शिरते आणि पाते घट्ट होते. बागेत वापरायचा असेल तर सरळ पात्याचा छोटा चाकू आणि प्लास्टिकचे म्यान हे स्वच्छतेला फार सोपे पडते. चामड्याचे म्यान ओलावा धरून ठेवते, त्यात पाते रात्रभर राहू देऊ नये. घडीचाच हवा असेल तर फ्रान्सचा ओपिनेल पाहण्यासारखा आहे. ही कंपनी १८९० पासूनची आहे आणि पाते उघडे रोखणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. ७ क्रमांकाच्या ओपिनेलचे पाते ८ सेंटिमीटरचे आणि गिरणाथडी भाऊ म्हणतात तसे पातळ असते; स्टेनलेस आणि कार्बन अशी दोन्ही पाती मिळतात. मात्र त्याची मूठ लाकडाची आहे आणि पावसाळ्यात लाकूड फुगून पाते उघडायला जड जाते. तेल मुरवले तर फरक पडतो, पण पूर्ण सुटका होत नाही.

वाघूर :

मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम पाहिले तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात मोडतात, आणि त्यातूनही घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे वगळलेली आहेत. त्यामुळे सात सेंटिमीटरच्या शेतीच्या चाकूला परवान्याचा प्रश्न येत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास सरळ बंदी असते. तिथे पात्याची लांबी विचारली जात नाही. म्हणून चाकू बागेत आणि शेताच्या वाटेवर जवळ असावा. बाजारपेठेत, मिरवणुकीत किंवा सरकारी कार्यालयात जाताना तो घरी ठेवावा. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू शेतीच्या नावाखाली कोणी घेऊ नये, कारण तो पाहताच संशय येतो आणि शेतीच्या कामात त्याचा काही विशेष उपयोगही नाही.

सुकीकाठ (धागाकर्ता) :

सर्वांचे मनापासून आभार. सातपुडा भाऊंचे डी२बद्दलचे मत मला मोलाचे वाटते, पण माझ्या चाकूला लिंबू आणि चीक दोन्ही रोज लागणार आहेत, म्हणून स्टेनलेसकडे माझा कल झाला आहे. १४सी२८एनचा, सरळ पात्याचा, शीप्सफूट आकाराचा, प्लास्टिकच्या म्यानाचा चाकू शोधेन. खर्चात तो न मिळाल्यास ८सीआर१३एमओव्हीचा घेईन. लोहारदादांकडून बेअरिंगच्या कड्याचा एक चाकू मी स्वतंत्रपणे घडवून घेणार आहे, तो गोणी आणि पट्टी यांच्यासाठी गोदामात राहील. शेवटची शंका अशी की आधाराची प्लास्टिकची पट्टी कापताना चांगली धारदार पातीही तिच्यावरून घसरतात. याचे कारण काय असावे?

गिरणाथडी :

कारण धार अति गुळगुळीत असते. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी आणि सुतळी यांना किंचित खरखरीत धार लागते; त्या धारेवरचे सूक्ष्म दाते तंतूला पकडतात. म्हणून ४०० ते ६०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा) दगडावर प्रत्येक बाजूने साधारण १७ ते १८ अंशांचा कोन धरून धार लावावी आणि पुढचे पॉलिश टाळावे. धार लावल्यावर दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा उलटलेला राहतो. तो काढण्यासाठी हलक्या हाताने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने असे काही फेरे घ्यावेत आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चारदा ओढावे, त्याहून अधिक नको. कांदा चिरताना अशी धार थोडी ओबडधोबड वाटेल, पण तुमच्या यादीत पट्टी आणि सुतळी आधी येतात.

शीप्सफूटला सरळ धार असल्यामुळे दगड सपाट असला पाहिजे, एवढे मात्र पाहावे. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर सरळ पाते घासले तर त्याला हळूहळू पोट येते आणि नळीचा काप पुन्हा तिरका होऊ लागतो. दगड खोलगट झाला असेल तर सपाट काचेवर जाड पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तो घासून घ्यावा. तेलाचे म्हणाल तर पात्याला खोबरेल तेलाचा पातळ हात पुरतो. शेंगदाण्याचे तेल वापरू नये, ते काही दिवसांनी चिकट होते आणि म्यानातली माती पात्याला धरून ठेवते.